संशोधनाच्या पेपरचा नाद सोडू नका

संशोधनाचा एखादा पेपर नेटवर वाचायला गेलं की प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतात, म्हणून काही जण नाद सोडतात. सोडू नका! पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर (गूगलची संशोधनाचे पेपर शोधायची सोय) शोधा आणि नोंदीखालच्या 'सर्व आवृत्त्या' उघडा. लेखकाने विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथेच सापडते. ब्राउझरला अनपेवॉल हे मोफत प्रती शोधणारं एक्स्टेंशन जोडलंत तर मोफत प्रत असलेल्या पेपरच्या कडेला उघडं हिरवं कुलूप दिसतं, त्यावर टिचकी मारायची. वैद्यकीय विषय असेल तर आधी पबमेड सेंट्रल हा पेपरांचा मोफत संग्रह बघा.

तरीही नाही मिळाला तर सरळ लेखकाला मेल करा. पत्ता बहुधा सारांशाच्या पानावर असतो. चार ओळी पुरेत: आपण कोण, कोणता पेपर, कशासाठी. त्या डॉलरांतलं लेखकाच्या हाती सहसा काहीच पडत नाही, त्यामुळे प्रत द्यायला बहुतेक जण खुशीने तयार असतात.

घरात कुणी सरकारी कॉलेजात असेल तर ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल जरूर विचारा. जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं तिच्यातून केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांसाठी खुली आहेत. स्वतंत्र अभ्यासक मात्र बाहेरच राहिले, हे मला फार खटकतं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी सरकारी तिजोरीतून जाताहेत, तर प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात निदान एका संगणकावर तरी हे खुलं करायला हवं.