शब्दचर्चा: 'व्हिजिलांटी'ला मराठीत काय म्हणाल? (संदर्भ: व्हँकूवरची दंगल, २०११)

कोनाडा
कॅनडातल्या व्हँकूवरच्या दंगलीवर लेख लिहायला घेतलाय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. १५ जून २०११, आइस हॉकीच्या स्टॅन्ली कपचा सातवा, निर्णायक सामना. व्हँकूवरचा संघ कनक्स, घरच्या मैदानावर बोस्टन ब्रुइन्सकडून ०-४ हरले. पडद्यावर सामना बघायला शहराच्या मध्यभागी लाखाच्या वर माणूस जमला होता. त्यातल्या काहींनी पोलिसांच्या गाड्या पेटवल्या, दुकानं फोडून लुटली. मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं. रातोरात फेसबुकवर पानं निघाली, दंगेखोरांचे फोटो टाकून 'हा कोण, ओळखा' सुरू झालं. मग नाव, कॉलेज, कुठे नोकरी करतो, सगळं बाहेर. हे करणाऱ्यांना इंग्रजीत 'व्हिजिलांटी' म्हणतात, म्हणजे पोलीस-कोर्टाची वाट न बघता स्वतःच गुन्हेगाराला धडा शिकवायला निघालेले. मराठीत काय म्हणू? शब्दशः गेलं तर 'दक्षता समितीवाला' होतं, आणि दक्षता समिती म्हटलं की डोळ्यांपुढे रेशनचं दुकान येतं.

तिरकीट
जागल्या! रात्रभर जागून गावाची राखण करणारा. मूळ लॅटिन धातूचा अर्थही जागणे असाच आहे.

ओसरी
सुंदर शब्द, पण दोन अडचणी. एक, वर्तमानपत्रांनी तो व्हिसलब्लोअरसाठी, म्हणजे आतला गैरप्रकार बाहेर फोडणाऱ्यासाठी, केव्हाच उचललाय. दुसरी मोठी. जागल्या चोर दिसला की आरडाओरडा करायचा, पाटलाला वर्दी द्यायचा. शिक्षा देणं त्याचं काम नव्हे. व्हिजिलांटी नेमका तिथेच वेगळा. १८५१ साली सान फ्रान्सिस्कोत व्यापाऱ्यांनी 'दक्षता समिती' काढली ती नुसती गस्त घालायला नाही, तिने माणसं फासावर चढवली.

भोचकभवानी
मग सरळ 'झुंडशाही' म्हणा की. नाहीतर 'कायदा हातात घेणारे'.

ओसरी
झुंडशाही तर त्या रात्री रस्त्यावर झाली. दोन्हीला एकच शब्द लावला तर दंगेखोर कोण आणि त्यांना हुडकणारे कोण, वाचकाला कळणार कसं? 'झुंडबळी' तर नकोच. राईनपाड्याला २०१८ मध्ये मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं, तो शब्द तिथला आहे. इथे जीव गेला नाही, अब्रू गेली. 'कायदा हातात घेणे' चालेल, पण फार सपक. पोलीस खात्याच्या प्रेस नोटसारखं.

उत्तरवारा
मी तेव्हा व्हँकूवरला लागूनच्या बर्नाबीत राहत होतो, म्हणून थोडं लांबण लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक झाडू, हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन आपण होऊन आले. जॉर्जिया आणि ग्रॅनव्हिल रस्त्यांच्या कोपऱ्यावर हडसन्स बे दुकानाच्या फुटलेल्या काचांवर प्लायवूड ठोकलं होतं. त्यावर मार्करने 'आम्हाला माफ करा', 'हे आमचं व्हँकूवर नाही' असलं लिहायला गर्दी लोटली, शेवटी बोटभर जागा उरली नाही. पोलिसांच्या एका गाडीवर आभाराच्या चिकटचिठ्ठ्या इतक्या, की गाडीचा रंग दिसेना. आणि त्याच वेळी ऑनलाइन एका अल्पवयीन मुलाचं नाव फिरत होतं. कॅनडात अल्पवयीन आरोपीचं नाव छापायला कायद्यानेच बंदी, पण फेसबुकवर कोण ऐकतो? त्याच्या घरच्यांना काही दिवस घर सोडून राहावं लागलं. कुणाकुणाच्या नोकऱ्या गेल्या. पोलिसांनाच सांगावं लागलं की बाबांनो, फोटो आमच्याकडे द्या, न्याय करत बसू नका.
माझं मत विचाराल तर सकाळी झाडू मारणारे आणि रात्री नावं फोडणारे हे दोन वेगळे लोक असतील असं मला वाटत नाही. भावना एकच, 'आमच्या गावाची लाज काढली'. त्यामुळे नुसता शिवीसारखा शब्द काढू नका.

तिरकीट
+१. मग 'धिंड'? पाच पाट काढून, तोंडाला काळं फासून, गाढवावर उलटं बसवून गावभर मिरवणं. चोरी झाली हे खरं, चोर सापडला हेही खरं, तरीही धिंड ही वेगळीच गोष्ट. 'अब्रूचे धिंडवडे' तिथलेच.

भोचकभवानी
धिंडीला मान्यता. एक फरक मात्र आहे. गाढव वेशीपर्यंत जाऊन थांबायचं, फेसबुकवरचं थांबतच नाही. 'चव्हाट्यावर मांडणे'ही बघा. उत्तरवारांचा तो कोपरा अक्षरशः चव्हाटाच झाला की!

ओसरी
चव्हाट्यावर आणतात ती लपवलेली भानगड. ह्या पोरांनी गाड्या पेटवल्या त्याच चव्हाट्यावर, वर जळत्या गाडीपुढे उभं राहून फोटो काढून घेतले. त्यात लपवलेलं काय होतं?
रच्याकने, सरकारी बाजूलाही हा घोळ झाला. तिथल्या सरकारी वाहनविमा महामंडळाकडे सगळ्यांच्या लायसन्सचे फोटो आहेत. चेहरे जुळवून देतो म्हणून त्यांनी पोलिसांना आपण होऊन सांगितलं. प्रांताच्या माहिती व गोपनीयता आयुक्तांनी २०१२ मध्ये बजावलं, की लायसन्ससाठी घेतलेला फोटो दंगेखोर शोधायला वापरायचा तर आधी कोर्टाचा आदेश आणा. पोलिसांनी हजारो तासांचं चित्रीकरण चाळून तीनशेच्या आसपास लोकांवर खटले भरले, त्यातले बहुतेक गुन्हा कबूल करून मोकळे झाले. वर्षं गेली त्यात. लोकांना तेवढा धीर कुठला! आणि एका खटल्यात तर न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना ऑनलाइन झालेली नाचक्की जमेस धरली. म्हणजे धिंड ही शिक्षाच होती, हे कोर्टानेही मानलं.

कोनाडा
धन्स मंडळी. एकाच शब्दाचा हट्ट सोडतोय. फोटो पोलिसांकडे पोचवले ते 'खबर देणारे'. मालकाला फोन करून नोकरी घालवली, घरचा पत्ता टाकला, ते 'धिंड काढणारे'. इंग्रजीत दोघांना एकाच पोत्यात भरतात, आपण कशाला भरायचं? वाक्य असं करतोय: 'पहिल्या दोन दिवसांत खबर देणारे कमी आणि धिंड काढणारे जास्त झाले.'

उत्तरवारा
'कमी-जास्त' काढा. मोजले कुणी? शिवाय पोलिसांकडेही फोटोंचा पाऊस पडला होता.

कोनाडा
बरं. 'खबर देता देता कित्येक जण धिंड काढू लागले.'

उत्तरवारा
हे चालेल.