नागपूर: कॉलनीत पक्षी बघताना लोक हटकतात, काय करावं?

नमस्कार मंडळी,

सुट्टीसाठी नागपुरात आलोय, प्रतापनगरला आईबाबांकडे. अंबाझरी-गोरेवाड्याच्या तलावांपर्यंत जायचीसुद्धा गरज पडत नाही, इतके पक्षी गल्लीतच आहेत. तांबट, दयाळ, शिंजीर, सातभाईंचा सकाळचा कलकलाट, आणि राखी धनेशाची जोडी तर रोज हजर.

काल मागच्या गल्लीत धनेश उंबरावर बसला होता. मी दुर्बीण लावली आणि समोरच्या गॅलरीतून एका काकूंचा आवाज आला, "काय पाहून राहिले हो तुम्ही?" पक्षी बघतोय म्हटलं. त्यांनी झाडाकडे मान वळवलीच नाही, सरळ वॉचमनला हाक मारली. नाव काय, कोणाकडे आलात, इथे काय काम, सगळं विचारून झालं. मग मोबाईलमधले फोटो दाखवा म्हणाला, ते मी दाखवले. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तर त्यांना फार लागलं. ज्या वस्तीत मी लहानाचा मोठा झालो तिथेच ही चौकशी!

आपल्या या पक्षीप्रेमींच्या मेलिंग लिस्टवरचे बरेच जण हिवाळ्यात नागपूरला जातात आणि पक्षी बघतात. तुम्ही हे कसं सांभाळता? मी जानेवारीअखेरपर्यंत इथे आहे.

---

बाळा,

आधी बाबांची समजूत काढ, आणि त्या काकूंचा राग धरू नकोस. त्या जिथे उभ्या होत्या तिथून विचार कर. खाली एक अनोळखी माणूस, तोंड वर, डोळ्याला दुर्बीण. धनेश त्यांना दिसतच नाही, मधे फांद्या आहेत. त्यांना दिसते फक्त आपल्या घराकडे रोखलेली दुर्बीण. सकाळी फिरायला निघालेल्या बायांच्या गळ्यातलं ओढून नेतात, सुट्टीत बंद घरं हेरून ठेवतात, हे सगळं त्या रोज पेपरात वाचतात. मला तर वाटतं, विचारणारी माणसं ज्या गल्लीत आहेत ती गल्ली चांगली.

अडचण अशी की कॉलनीतले पक्षी नेमके गॅलरीच्या उंचीवर बसतात. शिंजीर जास्वंदीवर, बुलबुल ग्रिलमधल्या कुंडीत. तिथे दुर्बीण लावायचीच नाही. पक्षी हलेपर्यंत थांबायचं. तांबट तर पुन्हा पुन्हा शेंड्यावरच्या वाळक्या काडीवर येऊन बसतो आणि टुक टुक करत राहतो, त्याच्यासाठी कोणाच्या खिडकीकडे बघायची गरजच नाही. उभं राहायची जागा अशी निवडावी की घरं आपल्या पाठीशी आणि झाडामागे मैदान, बाग किंवा रिकामा प्लॉट. ऊनही पाठीवर असलं तर पक्ष्याचे रंग नीट दिसतात.

पण खरं काम दुर्बीण बाहेर काढण्याआधीच करायचं असतं. सकाळी गल्लीत कोण असतं? पूजेची फुलं तोडणाऱ्या आज्या, दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावरची मंडळी. त्यांना आधी नमस्कार घालायचा. आपल्याकडे पहिला प्रश्न "कोणाकडचे?" हाच असतो. "अमुक सरांचा मुलगा" एवढं कळलं की निम्मा संशय तिथेच जातो. म्हणून पहिले काही दिवस बाबांना सोबत घे.

आणि जो हटकेल त्याच्या हातात दुर्बीण दे. आमच्या गल्लीतल्या एका आजींना मी धनेश दाखवला. आधी त्यांना दोन वेगवेगळे गोल दिसत होते, दुर्बिणीचे डोळे त्यांच्या डोळ्यांइतके जवळ आणले तेव्हा चित्र जमलं. धनेशाने उंबर चोचीच्या टोकात धरलं, वर उडवलं आणि घशात झेललं. "अगं बाई, पापणी आहे त्याला!" म्हणून त्या ओरडल्या. खरंच असतात, धनेशाच्या डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखी पिसं असतात. त्यानंतर उन्हाळ्यात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, बारीक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला भरवतो, हे त्यांनीच सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. अशा ढोलीचं जुनं झाड "वाळलंय, पाडून टाकू" असा विषय सोसायटीत निघाला की बोलणारं कोणीतरी लागतं. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, पण आधी कोणाला तरी त्या झाडाची काळजी वाटायला हवी ना!

काही जागी मात्र वाद घालायचा नाही. डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं की विधानभवन, रविभवन आणि सिव्हिल लाइन्सच्या त्या परिसरात जागोजागी बंदोबस्त असतो. तिथली जुनी झाडं कितीही खुणावोत, त्या दिवसांत दुर्बीण घरी. वायुसेनानगरच्या भिंतीजवळ, सीताबर्डी किल्ल्याभोवती, वर्धा रोडवरच्या कारागृहाजवळ आणि महाल-रेशीमबागेत संघाच्या इमारतींपाशी तर एरवीही दुर्बीण काढू नये. आणि परदेशातून येताना सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र सामानात चुकूनही ठेवू नका, परवानगीशिवाय ते भारतात चालत नाही.

---

काका, तुमचं बहुतेक सगळं पटलं, पण दोन-तीन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

दाखवणं धनेशापर्यंत ठीक आहे. पिंगळ्याची, म्हणजे त्या छोट्या घुबडाची ढोली मात्र कोणालाही दाखवू नका, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. काही घरांत तो अपशकुनी, म्हणून ढोली बुजवतात, आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारेही असतात. कोणी विचारलंच तर मी सरळ सांगते की घरट्याची जागा मी सांगत नाही. लोक ऐकतात.

फोटोंचं म्हणाल तर वॉचमन असो की सोसायटीचा सेक्रेटरी, आपला मोबाईल तपासायचा अधिकार त्यांना नाही. आपल्या मर्जीने दाखवले तर वाद मिटतो, मीही दाखवते. पण दरडावून मागितले तर "पोलिसांना बोलवा, मी थांबते" म्हणायला घाबरू नये. 112 आपणही लावू शकतो. आणि माझ्या भावांनो, गॅलरीत केस वाळवत उभ्या असलेल्या बाईला समोर लांबलचक लेन्स दिसली की तिच्या पोटात गोळा येणारच. खासगी क्षणी बाईला चोरून बघणं, तिचे फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, म्हणजे तिची भीती हवेतली नाही. कॉलनीत फक्त दुर्बीण न्या, कॅमेरा तलावावर.

आणखी एक. "अमुक सरांचा मुलगा" हे उत्तर सगळ्यांकडे नसतं. माझ्याबरोबर फुटाळा तलावावर येणारा मोमिनपुऱ्यातला एक मुलगा फार बारीक नजरेचा आहे, पाणथळीतले छोटे पक्षी मी त्याच्याकडूनच शिकले. त्याला कॉलनीत नाव विचारलं की पुढच्या प्रश्नांचा सूरच बदलतो. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकावर एका बाईने पोलीस बोलावले, तेव्हा याच लिस्टवर आपण सगळे किती संतापलो होतो. तोच संताप इथेही दिसावा. तो मुलगा सोबत असला की मी पुढे होते आणि "हे आमच्यासोबत आहेत, आम्हाला पक्षी दाखवतात" असं आधीच सांगते. ज्यांची ओळख गल्लीत चालते त्यांनी ती दुसऱ्यासाठी वापरावी, असं मला मनापासून वाटतं.

---

काका, ताई, फार आभार.

बाबांना घेऊन सेक्रेटरींकडे जाऊन आलो. त्यांना गल्लीतल्या पक्ष्यांची यादी दिली, दुर्बीण दाखवली, कुठे आणि किती वाजता उभा राहीन ते सांगितलं. पिंगळ्याचं नाव यादीत लिहिलं नाही. वॉचमनदादांचाही आता संशय उरलेला नाही, पण त्या काकू अजून बोलत नाहीत. त्यांच्या गॅलरीकडे पाठ करूनच उभा राहतो.

बाबांना आता फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भाग घ्यायचाय. निदान 15 मिनिटं एका जागी पक्षी मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदवायचे असतात, तेव्हा मी नसलो तरी त्यांना घरूनच जमेल. मराठी नावं समोर असलेली छापील यादी कोणाकडे असेल तर पाठवा, अक्षर मोठं हवं.

आणि सेक्रेटरींनी उलट मलाच काम दिलंय. सगळ्या गॅलऱ्यांना कबुतरांसाठी जाळी लावायची आहे. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात, म्हणून ती चारही बाजूंनी ताणून बसवा आणि आत घरटं नाही ना ते आधी बघा, एवढं मी सांगितलं. नागपुरात हे काम नीट करणारं कोणी माहीत असेल तर मला वेगळी मेल करा, पुढच्या आठवड्यात ठरवायचंय.