पानाची 'अखंड' कडा : मराठीत काय लिहावं?

पाटीपेन्सिल : शाळेतल्या मुलांसाठी जीवाश्म पानांचं एक छोटं प्रदर्शन आहे, त्याच्या पाट्या मराठीत करतोय. एका पाटीवर 'एन्टायर मार्जिन' आहे, म्हणजे पानाच्या कडेला दात नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला 'अखंड' म्हणतात, तोच शब्द घेतला. पण दगडातलं पान अर्धं फाटलेलं, टोक गायब, एक बाजू ढलप्याबरोबर निघून गेलेली, आणि खाली पाटी 'अखंड कडा'. पहिलीच मुलगी म्हणाली, सर हे तर तुटलंय. दुसरा शब्द सुचवा. गाळून टाकता येत नाही, पुढचं तापमानाचं सगळं गणित या कडेवरच आहे.

वऱ्हाडी ठेचा : बिनदाती लिहा ना भाऊ. दात असलेल्याला करवती, नसलेल्याला बिनदाती. पोरं विसरणार नाहीत.

शुद्धमती : बिनदाती म्हटलं की पणजीच डोळ्यासमोर येते. परिभाषेची थट्टा करू नये. 'खंड' म्हणजे फक्त तुकडा नव्हे, मधे पडलेलं अंतरही. पावसाने खंड दिला म्हणतो तेव्हा पाऊस फुटत नाही. कडेत खंड नाही म्हणून अखंड. शब्द चोख आहे, मुलीला समजावून सांगा.

पाटीपेन्सिल : पाटीजवळ मी दिवसभर उभा राहणार नाहीये हो.

सरोवरकाठचा काका : मी मिशिगनला असतो. इथे मेपल, बर्च, एल्म, बहुतेक सगळी पानं कातरलेली. गावी आलो की आंबा, फणस, जांभूळ, वड, सगळ्यांच्या कडा गुळगुळीत. बेली आणि सिनॉट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये हेच मांडलं, की जिथे हवा उबदार तिथे गुळगुळीत कडेच्या झाडांचं प्रमाण जास्त. नंतर त्याचं सूत्र झालं. एका ठिकाणच्या जीवाश्मांत किती प्रकारची पानं ते मोजायचं, त्यातल्या गुळगुळीत कडेच्यांचं प्रमाण ३०.६ ने गुणायचं आणि १.१४ मिळवायचे. २० पैकी १५ प्रकार गुळगुळीत असतील, म्हणजे प्रमाण ०.७५, तर वर्षाचं सरासरी तापमान २४ अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. तेव्हा सरळ 'गुळगुळीत' लिहा.

शुद्धमती : गुळगुळीत पृष्ठभाग असतो. वडाचं पान वरूनही गुळगुळीत, मग कडेचं वेगळं काय सांगितलं?

वऱ्हाडी ठेचा : काका, कडुनिंबाचं काय मग? मे महिन्यात आमच्याकडे ४५ डिग्री, आणि याची कड करवतीसारखी.

सरोवरकाठचा काका : एका झाडावरून काही ठरत नाही, म्हणून तर प्रमाण काढायचं. निदान वीसेक प्रकार हवेत. आणि तापमान वर्षाच्या सरासरीचं, तुमच्या मे महिन्याचं नाही. थंडीत दात का जास्त यावर अजून वाद आहे. एक मत असं की वसंतात कोवळ्या पानाच्या दातांतून पाणी बाहेर पडतं आणि रस वर ओढायला मदत होते.

कोळशाची वखार : नागपूरची पोरं असतील तर कामठीचं पान ठेवा ना! हिस्लॉप नावाचा मिशनरी नागपूर भागात दगड गोळा करत हिंडला, त्याला सापडलेल्या जीवाश्म पानांवर बनबरी या अभ्यासकाने १८६१ मध्ये लिहिलं. त्यातलं ग्लॉसॉप्टेरिस म्हणजे जिभेसारखं लांबट पान, मधे ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना जाळी. दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉट या इंग्रज शोधप्रवाशाच्या तुकडीजवळ १९१२ मध्ये जे सोळा किलो दगड सापडले त्यांतही हेच पान. याची कड अखंडच.

सरोवरकाठचा काका : पण ते गणितात धरायचं नाही. सूत्र फक्त फुलणाऱ्या द्विदल झाडाझुडपांचं. ग्लॉसॉप्टेरिस पंचवीस कोटी वर्षांपेक्षा जुनं, तेव्हा फुलझाडं कुठली?

कोळशाची वखार : बरं. पण त्याला मराठीत 'जिव्हापर्णी' का म्हणू नये?

वऱ्हाडी ठेचा : आयुर्वेदाच्या चूर्णासारखं वाटते.

कोकणपट्टा : कडेचं सोडा, 'पान' कशाला म्हणताय ते आधी ठरवा. पळसाला पाने तीनच म्हणतो आपण, पण शास्त्राप्रमाणे त्या तीन पर्णिका आणि मिळून पान एक. आता ती पर्णिका सुटी गळून गाळात रुतली, तर लाखो वर्षांनी दगड फोडणारा तिला अख्खं पान समजणार ना? मग देठ बघावा लागतो, बुडाशी दोन बाजू सारख्या आहेत का ते बघावं लागतं. म्हणजे म्हण चुकीची!

शुद्धमती : म्हण चुकीची नसते. पत्रावळ लावणाऱ्या बाईला विचारा, ती पर्णिका लावते का पान लावते.

पाटीपेन्सिल : 'सलग कडा' कसं वाटतं?

शुद्धमती : बरं आहे. पण तुम्ही पुढच्या पाटीवर 'मुख्य शिरा' लिहिलं असणार. मराठीत एक शीर, अनेक शिरा.

कोकणपट्टा : संस्कृतात एकवचनच शिरा आहे, पुस्तकवाले तिथूनच उचलतात.

वऱ्हाडी ठेचा : आणि आमच्याकडे शिरा रव्याचा असते.

कोळशाची वखार : मुलांना शिरा दाखवायच्या तर मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र द्या हातात. बुडाजवळूनच तीन शिरा निघतात आणि टोकापर्यंत जातात. परदेशी बे लीफला मधली एकच, बाकीच्या तिला फुटलेल्या. जीवाश्म ओळखताना हेच बघतात, रंग आणि वास तर गेलेलाच असतो.

वऱ्हाडी ठेचा : तमालपत्र म्हणजेच तेजपान ना? आमच्याकडे किराणावाला तेजपानच म्हणते.

शुद्धमती : तेजपान हिंदीतून आलंय. मूळचं तेजपत्ता.

कोकणपट्टा : हिंदीतून कसं? संस्कृतात तेजपत्र आहे. आणि आमच्या घरात दालचिनीचीच पानं घालतात, त्यालाही तीन शिरा असतात, त्याला काय म्हणाल?