मदत हवी आहे: वॉर्ड पातळीच्या आराखड्यासाठी हवामान जोखमीचं कोणतं टूल घ्यावं?

मुंबईत कुर्ल्याला मिठी नदीकाठच्या वस्तीसाठी विकास आराखडा करतोय. आरोग्य केंद्र आणि शाळेची जागा ठरवण्याआधी पुराची आणि उष्णतेची जोखीम तपासायची आहे.

थिंकहॅझर्ड (जागेनुसार आपत्तीचा धोका दाखवणारी वेबसाइट) फुकट आहे, पाच मिनिटांत उत्तर मिळतं, पण ते अख्ख्या जिल्ह्याला एकच श्रेणी देतं. कुर्ल्याचा सखल भाग आणि पवईचा चढ एकाच रंगात! पहिल्या चाळणीपुरतं ठीक. क्रिस्टल हे टूल वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन भरायचं असतं, उपजीविकेवरचा परिणाम त्यात छान उतरतो, मात्र जोतं किती उंच घ्यायचं ते त्यातून कळत नाही. क्लिमाडा हे सॉफ्टवेअर धोका, मालमत्ता आणि नुकसानक्षमता यांवरून रुपयांत नुकसान काढतं, पण पायथॉनमध्ये प्रोग्रॅमिंग येणारा माणूस लागतो.

खरी अडचण भरतीची आहे. ब्रिमस्टोवॅडमध्ये (मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा प्रकल्प) नाल्यांची क्षमता ताशी 50 मिमी पावसाची धरली आहे. साडेचार मीटरची भरती असली की त्याहून कमी पावसातही पाणी तुंबतं, कारण समुद्राकडचं तोंडच बंद होतं. फक्त पाऊस धरणारं टूल इथे धोका कमी दाखवणार, आणि त्याच्या भरवशावर दवाखाना बांधला तर ऐन गरजेच्या दिवशी तोच पाण्यात असेल.

पाऊस आणि भरती एकत्र धरणारं, क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारं काही कुणी वापरलंय का? नुकसानाचे वक्र (किती पाणी चढलं की किती नुकसान, ते) झोपडी, चाळ यांसाठी कुठून घेतलेत? परदेशी घरांचे इथे लावणं मला पटत नाही.