ओपेनहाइम अटकळ: शिकवायला सुरुवात कुठून करावी?

त्रिचल:
माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात लॅटिसच्या (नियमित जाळीत मांडलेल्या बिंदूंच्या) अवकाशातूनच करावी. अटकळीचं विधान असं. ३ किंवा जास्त चलांचा, धन आणि ऋण दोन्ही किमती घेणारा, नॉन-डीजनरेट (चल बदलूनही कमी चलांत लिहिता न येणारा) क्वाड्रॅटिक फॉर्म (प्रत्येक पद दोन घाताचं असलेली बहुपदी) जर परिमेय सहगुणकांच्या फॉर्मची पट नसेल, तर शून्येतर पूर्णांक सदिशांवर त्याची किंमत शून्याच्या हवी तितकी जवळ येते. १९२९ मध्ये ओपेनहाइम यांनी हे ५ चलांपासून पुढे मांडलं. वर्तुळ-पद्धतीने (पूर्णांक उकली मोजण्याच्या विश्लेषणातल्या पद्धतीने) डेव्हनपोर्ट, बर्च आणि रिडाउट यांनी सर्वसाधारण फॉर्मसाठी २१ किंवा जास्त चलांपर्यंत मजल मारली, पण ३ चलं फार लांब राहिली. वाट उघडली ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एम. एस. रघुनाथन यांच्या निरीक्षणाने: हा प्रश्न SL(३,ℝ)/SL(३,ℤ) वरच्या, म्हणजे घनफळ १ च्या त्रिमितीय लॅटिसच्या अवकाशावरच्या, SO(२,१) च्या ऑर्बिटचा आहे (SO(२,१) हा फॉर्म न बदलणाऱ्या रूपांतरांचा गट; त्याने एक लॅटिस जिथे जिथे जातो तो ऑर्बिट). त्या वाटेने मार्गुलिस यांनी १९८७ मध्ये सिद्धता दिली.

अंदाजपत्रक:
असहमत. "जवळ येते" एवढंच कळून पुरत नाही. सदिश केवढा मोठा घ्यावा लागेल, याचं उत्तर मूळ सिद्धतेत नाही, कारण ती कॉम्पॅक्टनेसवर उभी आहे (मर्यादा-बिंदू असतो एवढंच कळतं, किती लांब ते नाही). ३ चलांसाठी पहिला परिणामकारक अंदाज लिंडेनश्ट्राउस आणि मार्गुलिस यांनी २०१४ मध्ये दिला, तोही लॉगरिदमिक (सदिश खूप वाढवला तरी किंमत फार हळू घटते). याउलट ५ किंवा जास्त चलांना विश्लेषणाच्या पद्धतींनी बहुपदी अंदाज मिळतात. विद्यार्थ्याने हिशेब आधी शिकावा, अवकाश मागाहून.

त्रिचल:
अंदाज हवेतच. पण २ चलांना विधान खोटं का पडतं, हे हिशेब सांगत नाही. φ हे सुवर्ण गुणोत्तर घ्या आणि x² − φ²y² पाहा. (२,१) वर १.३८, (३,२) वर −१.४७, (५,३) वर १.४४, (८,५) वर −१.४५, फिबोनाची जोड्यांवर निरपेक्ष किंमत १.४४७ कडे जाते.

अंदाजपत्रक:
सांगतो की! x आणि y ऋण नसतील असे घ्या, चिन्हांनी फॉर्म बदलत नाही. x² − xy − y² = (x − φy)(x + ०.६१८y) हा शून्येतर पूर्णांक, म्हणून निरपेक्ष किंमत किमान १. त्याला (x + १.६१८y)/(x + ०.६१८y) ने गुणलं की आपला फॉर्म मिळतो, आणि हा भागाकार १ पेक्षा कमी होत नाही. दोन ओळींत संपलं.

त्रिचल:
या एका फॉर्मपुरतं संपलं. मूळ कारण असं की SO(१,१) मध्ये, म्हणजे २ चलांच्या तशाच गटात, एकक सोडता युनिपोटेंट घटक (सर्व आयगेनमूल्यं १ असलेले) नाहीत, SO(२,१) मध्ये आहेत. सिद्धतेचं सगळं बळ त्यांच्यात आहे.

कस्प:
दोघांच्याही मधली पायरी सुटते आहे: माहलर निकष. घनफळ १ असलेल्या लॅटिसचा संच सापेक्ष कॉम्पॅक्ट असतो (अनंताकडे निसटत नाही), तो नेमका तेव्हाच जेव्हा सर्वांच्या शून्येतर सदिशांच्या लांबीला एकच धन खालची मर्यादा असते. पायऱ्या अशा. Q, म्हणजे आपल्या फॉर्मच्या, किमती शून्यापासून ε अंतरावर राहतात असं धरा. ऑर्बिटमधल्या लॅटिसचा सदिश hgv (v पूर्णांक सदिश, g हे Q ला प्रमाणित फॉर्ममध्ये नेणारं रूपांतर, h हा SO(२,१) चा घटक) फार आखूड झाला, तर त्यावर प्रमाणित फॉर्मची किंमतही इवलीशी होते. पण ती किंमत, एका स्थिर गुणकापुरता फरक सोडला तर, Q(v) च आहे, विसंगती. म्हणजे ऑर्बिट सापेक्ष कॉम्पॅक्ट. इथून मार्गुलिस यांचं अवघड काम सुरू होतं: असा ऑर्बिट संवृतच (आपले सर्व मर्यादा-बिंदू सामावणारा) असतो. मग स्थिरीकारक उपगट (लॅटिस जागेवर ठेवणाऱ्या रूपांतरांचा) SO(२,१) मध्ये लॅटिस ठरतो (इथे अर्थ: विभक्त उपगट, ज्याने केलेल्या भागाकाराचं घनफळ सांत असतं), आणि बोरेल घनता प्रमेयाने (बहुपदी समीकरणांच्या दृष्टीने असा उपगट संपूर्ण गटाइतकाच असतो) Q परिमेय फॉर्मची पट निघतो. गृहीतकाशी विसंगती.

विद्यार्थी बहुतेकदा अडखळतात ते जास्त चलांवरून ३ वर येताना. ३ मितींची परिमेय उपावकाश मनाला येईल ती घेऊन चालत नाही. तिच्यावर फॉर्म नॉन-डीजनरेट, दोन्ही चिन्हांचा आणि परिमेय फॉर्मची पट नसलेला राहायला हवा. तशी निवडता येते हे सिद्ध करावं लागतं.

अंदाजपत्रक:
माहलरचा हा वापर मान्य. मग सुरुवात परिमेय फॉर्मपासून का नको? x² + y² − ३z² ची किंमत कुठल्याही शून्येतर पूर्णांक सदिशावर शून्य होत नाही, म्हणून त्याच्या गटाला त्यातल्या पूर्णांक मॅट्रिक्सच्या उपगटाने भागलं तर भागाकार कॉम्पॅक्ट. x² + y² − z² ची किंमत (१,०,१) वर शून्य आहे, तिथे कस्प (अनंताकडे निमुळती होत जाणारी शेपटी). पहिल्याची सिद्धता तीन ओळींची: पूर्णांक किंमत फार लहान म्हणजे शून्यच, म्हणून सदिश आखूड होऊच शकत नाही.

कस्प:
सहमत, आणि मेयरचं प्रमेयही तिथेच सांगावं. ५ किंवा जास्त चलांत दोन्ही चिन्हांच्या परिमेय फॉर्मला असं शून्य असतंच, म्हणून तिथे कस्प टळत नाहीत.

त्रिचल:
हा क्रम मला मान्य आहे. मात्र दाणी आणि मार्गुलिस यांची प्राथमिक सिद्धता परिशिष्टात ढकलू नका. पहिल्या सत्रात रॅटनर प्रमेय (युनिपोटेंट घटकांच्या ऑर्बिटांबद्दलचं सर्वसाधारण, पण जड प्रमेय) टाळून पूर्ण सांगता येईल अशी तीच आहे.