पाठीला सोसेल आणि टिकेल अशी बॅग कशी ओळखायची?

सकाळची_गाडी

नमस्कार मंडळी. दोन बॅगा घ्यायच्या आहेत. दुकानात गेलं की माझा गोंधळ उडतो, म्हणून आधी इथे विचारते.

पहिली लेकीसाठी. आठवीत आहे, अंगाने बारीक, वजन ३८ किलो. शाळेत चालत जाते. दप्तरात वह्यापुस्तकं, डबा, एक लिटरची बाटली आणि अधूनमधून खेळाचे बूट. घरी आली की दप्तर दारातच टाकते आणि मान चोळत बसते. परवा तिच्या खांद्यांवर पट्ट्याचे लाल वळ दिसले, तेव्हा ठरवलं की हे दप्तर आता बदलायचंच.

दुसरी माझ्यासाठी. १५.६ इंची लॅपटॉप, चार्जर, डबा, छत्री, एखादी फाईल. आधी बस, मग गाडी, मग थोडं चालणं. बराचसा प्रवास गर्दीत उभ्याने होतो. आजवर एका खांद्यावरची पर्स-बॅग वापरत आले, पण हल्ली संध्याकाळपर्यंत उजवा खांदा भरून येतो.

दुकानात विचारलं तर कप्पे किती आहेत आणि कापड किती जाड आहे एवढंच सांगतात. बॅग हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं? वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं त्यावर किती विश्वास ठेवायचा? लेकीला चाकांचं दप्तर घ्यावं का? अनुभवाचं कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

वर्गावरून

मी शिक्षिका आहे. नवीन दप्तर घेण्याआधी आत्ताचं वजन करून बघा. घरच्या वजनकाट्यावर लेकीला आधी दप्तरासकट उभी करा, मग दप्तराशिवाय. जो फरक येईल तो तिच्या पाठीवरचा भार.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलाच्या वजनाच्या १० ते २० टक्क्यांची मर्यादा सांगते. बारीक अंगाच्या मुलीसाठी मी १० टक्क्यांच्या जवळपासच राहीन. म्हणजे तुमच्या लेकीला पावणेचार-चार किलो. त्यात एक लिटर पाणी म्हणजे एक किलो तिथेच गेला, बाटलीचं वजन वेगळं. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर बाटली अर्धी भरून द्या. आणि दर आठवड्याला दप्तर पूर्ण रिकामं करायची सवय लावा. माझ्या वर्गात दप्तरं उघडली की तळाशी संपलेल्या वह्या, मागच्या सत्राची पुस्तकं, दोन-दोन कंपासपेट्या निघतात. मुलं ते रोज वाहतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

रिकाम्या बॅगेचं वजनही विचारा. अर्ध्या किलोचीही मिळते आणि सव्वा किलोचीही. चार किलोच्या हिशोबात हा फरक मोठा आहे.

टीप_आणि_दोरा

ताई, मी बॅगा शिवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे कुठली बॅग कुठे दगा देते हे रोज डोळ्यांसमोर असतं. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगतो.

सगळ्यात आधी पाठीचं माप. लेकीला मान पुढे झुकवायला सांगा. मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं ते एक टोक. मग तिला दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवू द्या, मागे अंगठे जिथे समोरासमोर येतात ती दुसरी रेषा. ह्या दोहोंमधलं अंतर टेपने मोजा आणि ते माप घेऊनच दुकानात जा. बॅग पाठीवर घेतल्यावर वरचा काठ खांद्यांच्या वर जायला नको आणि खालचा काठ कमरेखाली फार तर चार बोटं. बॅग ढुंगणावर आपटायला लागली की भार मागे ओढतो, आणि तोल सांभाळायला मूल मान पुढे काढून चालतं. तुमची लेक मान चोळते त्याचं कारण बहुतेक हेच असावं.

पुढे वाढेल म्हणून एक माप मोठं घेऊ नका. फ्रॉकला दोन-चार बोटं दुमड घालता येते, बॅगेची पाठ दुमडता येत नाही. मोठ्या बॅगेचे पट्टेही मोठ्या माणसाच्या खांद्यांच्या हिशोबाने एकमेकांपासून लांब लावलेले असतात, ते बारीक मुलीच्या खांद्यांवरून घसरतात. मग ती खांदे उचलून धरते. बॅगेत किती मावतं तो लिटरचा आकडा बघायचा तर तिला २० ते २५ पुरेत. जितकी जागा तितकं सामान त्यात जातंच.

आता ते लाल वळ. उद्या नीट बघा, एक रुंद लाल पट्टा आहे की कडेला बारीक रेघा आहेत. बारीक रेघ असेल तर ती पट्ट्याच्या काठावरच्या पायपिंगची. आत कडक प्लॅस्टिकची दोरी घातलेली असते, दिसायला छान दिसतं, पण मानेकडच्या बाजूला तीच काचते. मऊ पट्टीने काठ बांधलेला पट्टा घ्या. रुंदी पाच-सहा सेंटिमीटर हवी आणि आकार थोडा वळणदार, म्हणजे मानेपासून लांब राहून काखेखालून नीट वळतो. त्यातला फोम अंगठा आणि बोट ह्यांच्यात धरून जोरात दाबा. दोन बोटं एकमेकांना लागल्यासारखी वाटली तर तो स्पंज काही महिन्यांत पापड होणार. दुकानात मऊ वाटतो तोच लवकर बसतो. थोडा घट्ट आणि सोडल्यावर पुन्हा वर येणारा फोम बरा.

मग बॅग आतून उलटी करा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी करा. कापड फाटलेली बॅग माझ्याकडे क्वचित येते. येते ती पट्टा मुळापासून सुटलेली, नाहीतर चेन गेलेली. पट्टा सुटतो तेव्हा दोरा तुटलेला नसतोच पुष्कळदा. शिवणीत कापड जेमतेम तीन-चार मिलीमीटर धरलेलं असतं, नायलॉन-पॉलिएस्टरचे धागे गुळगुळीत, भार आला की ते एकेक करून शिवणीतून निसटतात आणि टीप जशीच्या तशी हवेत राहते. म्हणून आत बघा: शिवणीबाहेर निदान एक सेंटिमीटर कापड शिल्लक आहे का, आणि त्यावर पट्टी मारून काठ बंद केलाय का. पट्ट्याच्या मुळाशी जादा तुकडा लावून चौकोनात फुली अशी टीप हवी, किंवा बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट नागमोडी टाके. खाली जिथे निवार पट्टी बॅगेच्या कोपऱ्याला लागते तिथेही तेच. तिथे कापडाचा त्रिकोण लावून त्यात निवार शिवलेली असली तर ओढ एकाच रेषेवर न येता वाटली जाते. निवार नुसती बाजूच्या शिवणीत खोचलेली असेल तर बॅग खाली ठेवा.

चेनचं सांगतो. रनरच्या मागे पुष्कळदा आकडा कोरलेला असतो, ३, ५, ८, १०. जितका मोठा तितके दात रुंद. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० चांगली, बाहेरच्या छोट्या खिशाला ५ चालते. चेन कोपऱ्यावर गोल वळणाने गेली पाहिजे. काटकोनात वळवलेली असेल तर तिथेच रोज अडकणार. बॅग भरून चेन लावून बघा, रिकाम्या बॅगेची चेन कुठलीही सुरळीत चालते.

कापडाला डेनियर विचारतात. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० डेनियरचं पॉलिएस्टर शाळेला पुरतं. १६८० चं कापड ऑफिस बॅगांना वापरतात, ते टिकतं पण जड असतं. नुसत्या आकड्याने वीण दाट आहे की विरळ हे कळत नाही, उजेडासमोर धरून बघा.

वॉटरप्रूफ म्हणजे बहुतेक वेळा कापडाला आतून दिलेला लेप. कापडातून पाणी येत नाही, पण सुईच्या भोकांतून आणि चेनमधून येतंच. भुरभुर पावसाला ठीक, धो धो पावसात वरून कव्हर घालायलाच हवं. कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, म्हणून कागद आणि लॅपटॉप वेगळ्या प्लॅस्टिक पाकिटात. आणि जुना पडलेला माल असेल तर हा लेप चिकट होतो, त्याचे पापुद्रे निघतात. आत अंगठा घासला की कळतं.

तुमच्या बॅगेसाठी एकच जादा तपासणी. लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळाशी दाबा आणि दुसरा हात बॅगेखाली धरा. दोन्ही हात एकमेकांना लागले तर बॅग जमिनीवर ठेवली की लॅपटॉपचा कोपरा थेट फरशीवर आपटणार. चांगल्या बॅगेत तो कप्पा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर टांगलेला असतो. आणि १५.६ हे पडद्याच्या तिरक्या रेषेचं माप आहे, आपला लॅपटॉप रुंदीत किती हे मोजून न्या, साधारण ३६ सेंटिमीटर भरतो.

सकाळची_गाडी

दादा, इतकं बारकाईने कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. काल माप घेतलं. लेकीचं दप्तर तिच्या पाठीपेक्षा चांगलं वीतभर लांब निघालं! वळ कडेच्या रेघांचेच आहेत. वजन पावणेसहा किलो भरलं. टीचर म्हणाल्या तसं तळातून मागच्या सत्राच्या दोन वह्या आणि एक जाडजूड वाचनालयाचं पुस्तक निघालं.

छातीवरची पट्टी आणि कमरपट्टा असलेली बॅग बघितली, त्याचा उपयोग होतो का? आणि चाकांचं राहिलंच. शिवाय गर्दीत पाठीवरच्या बॅगेचं काय करायचं?

चालता_चालता

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चाकांचं आधी सांगते. चाकं, दांडा, तळाची पाटी धरून असं दप्तर रिकामंच खूप जड होतं, दोन किलोच्या पुढेही जातं. जिना आला की तेच हातात उचलावं लागतं, तेही एका बाजूला झुकून. रस्ता सपाट असेल, शाळेत उतरण किंवा लिफ्ट असेल आणि दांडा मुलीच्या उंचीला पुरत असेल तरच घ्या. चालत जाणाऱ्या आणि जिने चढणाऱ्या मुलीला मी सुचवणार नाही.

छातीवरच्या पट्टीने भार कमी होत नाही, पण पट्टे घसरत नाहीत. तिचे खांदे अरुंद आहेत, तिला ती जरूर हवी. गळ्याच्या हाडाखाली तळहाताच्या रुंदीएवढ्या अंतरावर लावा, श्वास घेताना आवळायला नको. कमरपट्टा गादीचा आणि कमरेच्या हाडांवर बसणारा असेल तरच खांद्यांचा भार कमरेवर घेतो. शाळेच्या बॅगेला जी बारीक निवार असते ती बॅग हलू देत नाही, इतकंच.

भरताना जड पुस्तकं पाठीला चिकटून आणि उभी. बूट, डबा पुढच्या बाजूला. तेच वजन पाठीपासून लांब गेलं की ओढ वाढते, त्यामुळे पुढे फुगलेली बॅग आहे त्या वजनापेक्षा जड वाटते. खालचे पट्टे इतके ओढा की बॅग पाठीला लागून राहील, पण हात सहज बाहेर निघतील.

तुमच्या खांद्याबद्दल: एका खांद्यावर पट्टा असला की तो घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो. वजन कमी असलं तरी मानेपासून खांद्याकडे येणारा स्नायू दिवसभर ताणलेला राहतो आणि संध्याकाळी रग लागते. लॅपटॉप रोजचा असेल तर दोन पट्ट्यांची सॅकच घ्या. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर बॅगेचा शोध बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. लेकीच्या बाबतीतही तेच.

गर्दीत चढण्याआधी सॅक पुढे घ्या किंवा वरच्या हँडलने पायांजवळ धरा. मागच्या माणसाला धक्के बसत नाहीत आणि चेनवर आपली नजर राहते.

टीप_आणि_दोरा

ताईंनी हँडलचा विषय काढला ते बरं झालं, ते मघाशी राहून गेलं. बॅग पाठीवर कमी आणि हँडलने जास्त उचलली जाते. गाडीत चढताना, बाकावरून उचलताना, मुलं तर हँडल धरूनच फेकतात. म्हणून हँडल मुठीत बसेल इतकं रुंद हवं आणि त्याची दोन्ही टोकं पट्ट्यांच्या मुळाखालच्या त्याच जाड तुकड्यात शिवलेली हवीत. दुकानात बॅगेत काहीतरी जड भरून फक्त हँडलने दोन-तीनदा झटका द्या आणि शिवणीजवळ कापड ताणून टाके उघडे पडतात का बघा.

गर्दीतल्या प्रवासाला बॅग जाडीने कमी असलेली घ्या, पुढे घेतली तरी हात पोचले पाहिजेत. आतलं अस्तर फिक्या रंगाचं बघा, काळ्या अस्तरात किल्ली सापडत नाही. पाठीला जाळी असेल तर ती दाट आणि मऊ हवी, खरखरीत जाळी कपड्यांचे धागे काढते.

सकाळची_गाडी

सगळं टिपून घेतलंय, रविवारी टेप घेऊनच निघणार. शेवटचं एक: लेकीच्या जुन्या दप्तराचं कापड अजून चांगलं आहे, फक्त चेन लावली की मागून उघडते. दुरुस्त होईल का, की टाकून देऊ?

टीप_आणि_दोरा

टाकू नका. मागून उघडते म्हणजे दात शाबूत आहेत आणि रनर सैल झालाय. रनरच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या हाताने, दोन्हीकडून सारख्या दाबून बघा. जोर लावलात तर तो तडकेल. त्यानेही भागलं नाही तर त्याच आकड्याचा नवा रनर बसतो, अख्खी चेन बदलायला कुणी सांगितलं तर दात तुटलेत का ते आधी दाखवायला सांगा.

पाठीची लांबी काही कमी होणार नाही, त्यामुळे शाळेला ते नको. खेळाचे बूट आणि कपडे त्यात वेगळे द्या, ज्या दिवशी खेळ असेल त्या दिवशी हातात. धुवायचं असेल तर मशीनमध्ये घालू नका, आतला लेप सुटतो. गार पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सगळ्या चेन उघड्या ठेवून सावलीत उलटं टांगा.