कुकरच्या शिट्ट्या मोजायला तुम्हाला कोणी बसवलं होतं का? (कडधान्यांचे अनुभव लिहा)

उभाधागा
काल रात्री लेकाचा पुण्याहून फोन. रूमवर चौघा पोरांनी मिळून कुकर घेतलाय, राजमा करायचा ठरलाय, "आई, शिट्ट्या किती?" एवढंच विचारलं त्यानं आणि माझ्या डोळ्यापुढं सोलापुरातलं अशोक चौकाकडचं आमचं जुनं घर आलं. खाली मालकाचे माग, वर आमच्या दोन खोल्या. माग सुरू असले की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, शिट्टी कुठली ऐकू येणार. आई मागच्या खोलीत विडीची पानं कापत असायची, म्हणून मला कुकरपुढं बसवायची. ऐकायचं नाही, बघायचं. शिट्टी उचलली, वाफ आली की एक चिंचोका बाजूला. हरभऱ्याला आठ, हुलग्याला म्हणजे कुळथाला दहा. फरशी एवढी थरथरायची की मांडलेले चिंचोके आपोआप सरकून एकमेकाला चिकटायचे आणि मोजणी चुकायची.
एकदा अशीच चुकले. वडील रात्रपाळीवरून आले, ताटातला हरभरा दाताखाली कटकन वाजला. काही बोलले नाहीत, सावकाश चावून सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी आईनं चिंचोके टाकायला एक वाटी दिली, सरकू नयेत म्हणून. ओरडली अजिबात नाही.
लेकाला सांगितलं, रात्री भिजव, ते पाणी टाकून दे, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस मिनिटं. तुमच्याकडं कोण मोजायचं? लिहा.

मंगळवार_पेठ
वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं ताई. आमच्याकडं आजी भिंतीवर कोळशानं रेघ मारायची, पाच झाल्या की आडवी. गॅसच्या मागची ती भिंत कधी पांढरी बघितलीच नाही मी.

कडक_भाकरी
चिंचोके!! आम्ही शेंगा ठेवायचो, पण मोजता मोजता खाऊन टाकायचो मग शिट्ट्या कमीच भरायच्या 😄 बाकी रात्री लिहिते, पाणी आलंय नळाला.

जुळे_सोलापूर
पाण्याचा विषय निघालाच आहे तर. नवीन घरी राहायला आलो तेव्हा बोअरवरच सगळं चालायचं. काबुली चणे बारा तास भिजवून दहा शिट्ट्या, तरी आत गोटा. दुकानदाराशी भांडून आले मी की जुना माल दिला म्हणून, त्याच पोत्यातले चणे बहिणीनं नेले होते, तिच्याकडं लोण्यासारखे शिजले. तिच्याकडं नळाचं पाणी. मग नवऱ्यानं नीट समजावून सांगितलं की बोअरच्या जड, क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा बांधून ठेवणाऱ्या चिकट भागाला, घट्ट धरून ठेवतं, म्हणून साल आणि गर मऊच पडत नाही. बादलीला, नळाला पांढरा थर बसतो ना, तेच. तेव्हापासून नळाच्या पाण्याची एक कळशी फक्त कडधान्यासाठी झाकून ठेवते. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे करायचं म्हणजे बाकीच्यांना चैन वाटेल पण गॅस किती वाचतो बघा. आणि भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ, त्यानं साल मऊ पडते, मीठ घातलं की शिजत नाही हे मी माझ्यापुरतं तरी खोटं ठरवलंय.

आजीचा_बटवा
सोडा घाला की चिमूटभर, कशाला कळशी.

जुळे_सोलापूर
@आजीचा_बटवा सोड्यानं मऊ होतं मावशी, पण चव साबणासारखी लागते आणि बी-वन जीवनसत्त्व जातं. अगदीच जुना हरभरा असेल तर घालते, रोज नको.

पद्मा_वहिनी
मी माहेरची बार्शीची, सासर तेलुगू. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी चवळी करायला सांगितली, मी आमटीला लागते म्हणून चिंचेचा कोळ, टोमॅटो सगळं आधीच कुकरमध्ये घातलं. सहा शिट्ट्या. उघडलं तर चवळी तशीच. परत सहा. तशीच. मला रडू फुटलं. अत्तम्मा आल्या, एक दाणा बोटात चेपला, रस्सा चाटून बघितला आणि म्हणाल्या, "पुलुपु नंतर." पुलुपु म्हणजे आंबट. मला तेलुगू येत नव्हतं, त्यांना मराठी जेमतेम. तो आमचा दोघींचा पहिला शब्द. आंबटानं दाणा आवळतो, आधी शिजवायचं मग कोळ. आता त्या नाहीत. चिंच भिजत घातली की रोज आठवतात.

मंगळवार_पेठ
वहिनी 🙏

हुलगा_माडगं
मी जरा वेगळं लिहितो, घाबरवायला नाही. भोगीचा दिवस, सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जायचं म्हणून घरात सगळी घाई. आईनं हुलगे लावले, पाहुणे जास्त म्हणून कुकर गळ्यापर्यंत भरलेला. हुलग्याला फेस लई येतो आणि साल सुटते, ती साल जाऊन बसली नळीत. शिट्टी होईना. आई म्हणाली गॅस कमी असेल, मोठा केला. मग सेफ्टीच उडाली. आवाज मला अजून ऐकू येतो. स्वयंपाकघरभर वाफ, छताला हुलगे चिकटलेले आणि आईचा उजवा हात कोपरापासून खाली भाजलेला. अक्षता राहिल्या, दवाखान्यात गेलो. तीन आठवडे बाबांनी भाकरी थापली, पहिल्यांदा आयुष्यात, आणि चांगली थापली.
त्यानंतर आमच्या घरचा नियम, कडधान्य असेल तर कुकर अर्ध्याच्या वर नाही, चमचाभर तेल आत फेस बसायला, आणि झाकण लावायच्या आधी नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का बघायचं. आई आज बहात्तर वर्षांची आहे, अजून रोज नळीतून खिडकीकडं एक डोळा मिटून बघते. कृपा करून सगळ्यांनी बघा.

कडक_भाकरी
बापरे. आत्ता उठून बघितली. मूगडाळीचं साल होतं खरंच.

उभाधागा
@हुलगा_माडगं आईंना माझा नमस्कार सांगा. लेकाला तुमचा निरोप जसाच्या तसा पाठवलाय.

सात_रस्ता
कुणाला जुन्या कुकरची रिंग कुठं मिळेल सांगता येईल का, वाफ सगळी बाजूनं जातीय

मधला_मारुती
@सात_रस्ता आमच्याकडं मधल्या मारुतीला या, भांड्यांच्या ओळीत कुठंही मिळेल, जुनी रिंग सोबत आणा माप बघायला.

आजीचा_बटवा
फ्रीजरमध्ये ठेवा दहा मिनिटं, घट्ट होते.

मधला_मारुती
ते एक-दोन दिवसापुरतं मावशी. चिरा पडलेली रिंग बदलाच. आणि तिथंच पुढं गावरान हुलगा मिळतोय सध्या, बारीक, तांबूस. खडे मात्र निवडून घ्या.

पद्मा_वहिनी
हुलगा म्हटल्यावर शेंगोळे. थंडी पडू दे, करतेच.

सिस्टर_दिवसपाळी
जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्रोटक आहे. उभाधागा ताई, लेकाला ते भिजवलेलं पाणी टाकायला सांगितलंत ते फार बरं केलंत. राजम्याचं एक मुद्दाम सांगते. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात, एक ते तीन तासात जोरात उलट्या आणि मग जुलाब. आमच्या दवाखान्यात होस्टेलची मुलं आली होती, भाताच्या इलेक्ट्रिक भांड्यात मंद आचेवर राजमा ठेवून "टचटचीत छान लागतो" म्हणून खाल्लेला. सगळी संध्याकाळपर्यंत बरी झाली पण हाल झाले पोरांचे. मंद गरम करून ते द्रव्य जात नाही, किमान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवं. कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंशापर्यंत जातं त्यामुळे काळजी नाही, पण दाणा अंगठा आणि बोटात चेपून पीठ झाला पाहिजे. टचटचीत राजमा खाऊ नका.

कडक_भाकरी
सिस्टर, मटकीला पण असंच का? मोडाची मटकी मी कच्चीच खाते.

सिस्टर_दिवसपाळी
राजम्याइतकं नसतं मटकीत. तरी उन्हाळ्यात मोड आणताना जपा, कोमट ओल्या फडक्यात जंतूपण वाढतात, जरा वाफवून खा. चला बेल वाजली.

मंगळवार_पेठ
मोडाची मटकी कुकरला लावूच नये असं माझं ठाम मत आहे. एका शिट्टीत गाळ. कढईत झाकण ठेवून, झाकणावर पाणी. मोड दिसले पाहिजेत ताटात, दोन दिवस त्यासाठी तर थांबलो.

जुळे_सोलापूर
+१. आणि एप्रिल-मेमध्ये रात्रभर भिजवू नका काही. ४२-४३ अंशात सकाळी पातेल्यावर फेस आणि आंबूस वास. मी सहा तासावर काढते, नाहीतर फ्रीजमध्ये भिजवते.

आजीचा_बटवा
आमच्या वेळी फ्रीज नव्हता, माठाशेजारी ओल्या वाळूवर ठेवायचो पातेलं. गार राहायचं. हुलग्याला वर्षभर कडुलिंबाचा पाला. पण एक खरं सांगते पोरींनो, वर्षाच्या वर ठेवलेला हरभरा सोडा घाला की शिट्ट्या वाढवा, लवकर शिजत नाही. उकाड्यात दाणा आतून दगड होतो. थोडा थोडा आणा.

सात_रस्ता
रिंग मिळाली, धन्यवाद दादा. हुलगे पण घेतले अर्धा किलो. आता याचं करायचं काय ते सांगा, बायको माहेरी गेलीय

पद्मा_वहिनी
@सात_रस्ता भावजी, रात्री भिजवा, सकाळी अर्ध्या कुकरात, दुप्पट पाणी, एक शिट्टी मग बारीक गॅसवर पंचवीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या, घाईनं शिट्टी उचलू नका. वरचं पाणी ओतून घ्या, त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी, मीठ, शेवटी कोकम नाहीतर चिंच. ते कढण. दाण्याची उसळ, शेंगाचटणी पेरून. दोन्ही वेळा भागतात.

सात_रस्ता
वाफ जिरायला किती वेळ?

हुलगा_माडगं
दादा, शिट्टी हलवून बघा, आवाज आला नाही की मगच. वेळ बघू नका.

उभाधागा
आत्ता लेकाचा फोटो आला. राजमा शिजलाय, दाणा बोटात चेपून त्याचापण फोटो पाठवलाय वेगळा. आणि मागं ओट्यावर काय दिसलं सांगू, स्टीलची वाटी आणि तिच्यात काडेपेटीतल्या काड्या. विचारलं हे काय रे, तर म्हणतो, खाली बांधकाम चालू आहे आई, आवाज लई येतो, पक्याला बसवलं होतं मोजायला.